मांजर नसलेली मांजरे

मराठी माणूस नावे ठेवण्यात पटाईत आहे, पण नावे देण्यात तितकाच कंजूष. निदान रानातल्या लहान जनावरांच्या बाबतीत तरी हे खरे आहे. मिशा असलेला, चार पायांचा आणि रात्री हिंडणारा जो जो प्राणी आमच्या पूर्वजांना दिसला, त्याला त्यांनी 'मांजर' म्हटले आणि पुढे एखादे विशेषण चिकटवून दिले. झाडावर राहते ते उदमांजर. अंगाला सुगंध येतो ते जवादी मांजर किंवा कस्तुरी मांजर. पाण्यात पोहते ते पाणमांजर. अंगावर खवले आहेत ते खवलेमांजर. आणि रानात राहते ते रानमांजर. या पाचांपैकी खरोखरीचे मांजर फक्त शेवटचे. बाकीचे चार मांजराच्या घरात नाव लावून राहणारे पोटभाडेकरू आहेत.

मी मराठीचा प्राध्यापक. विशेषणावरून नामाची पारख करणे हा माझा धंदा. त्यामुळे ही गोष्ट माझ्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. पण ती नजरेत भरायला मला वाटूरहून चिपळूणला यावे लागले.

वाटूर हे माझे गाव जालना जिल्ह्यात, मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन आणि नजर पोचेल तिथपर्यंत मोकळे आभाळ. आमच्याकडे जनावर लपायला जागा कमी, म्हणून ओळखायला सोपे. ससा, मुंगूस, कोल्हा, खोकड, आणि कधीतरी शेताला रात्रीचे पाणी द्यायला गेलेल्या माणसाला वाटेत खुळखुळ वाजत गेलेली सायाळ. संपली यादी. वाघाटी नावाचे जनावर असते हेही मला लहानपणी ठाऊक नव्हते. आमच्या घरी वाघाटी म्हणजे आषाढातल्या द्वादशीला उपास सोडताना करायची भाजी. तसेच उदाचे. ऊद म्हणजे धुपाबरोबर निखाऱ्यावर टाकायचा पदार्थ, एवढाच अर्थ माझ्या घराला माहीत होता. चिपळूणच्या बाजूला नोकरीला आलो आणि पहिल्याच वर्षी एका विद्यार्थिनीने निबंधात लिहिले, "काल रात्रभर आमच्या माळ्यावर ऊद नाचत होता." निबंध बाजूला ठेवून मी तिला आधी तो ऊद समजावून सांगायला लावला.

पुढे तो प्रत्यक्षच भेटला. आम्ही भाड्याने घेतलेले घर जुने, कौलारू. मागे आगर, आगरात फणस, जांभूळ, दोन रायवळ आंबे. पहिल्या उन्हाळ्यात माळ्यावर रात्री असा काही धिंगाणा सुरू झाला की, सौ.ला चोर वाटले. नेमकी त्याच वेळी आई वाटूरहून आलेली. घरमालकीणबाई शांतपणे म्हणाल्या, "घाबरू नका हो, ऊद आहे. पिकल्या फणसाला येतो." बॅटरीच्या उजेडात आढ्यावर तो दिसलाही. करडा-काळपट, डोळ्यांभोवती मुखवटा घातल्यासारखे तोंड, आणि अंगाइतकेच लांब काळे शेपूट. आईने पाहिले मात्र आणि ती देवघरात जाऊन बसली.

"अरे, हे मढं उकरणारं जनावर हाय. लेकराबाळांच्या घरात कामून ठिवलंस?"

आईला दोष देऊन उपयोग नाही. लहान मुलांची पुरलेली प्रेते उकरून खाणारे जनावर, हा आरोप उदमांजरावर अर्ध्या हिंदुस्थानात आहे. आरोपाचे मूळ शोधायला गेलो तेव्हा ते पुन्हा नावातच सापडले. उत्तरेत 'बिज्जू' म्हणून एक जमीन उकरणारे, दणकट पंजांचे, पाठीवर पांढरट आणि पोटाकडून काळे असे जनावर आहे. ते दिसेल ते खाते आणि उकरण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. त्याच उत्तरेत लोक उदमांजरालाही 'कबर बिज्जू' म्हणतात. नाव एक झाले, म्हणजे गुन्हाही एक झाला. गंमत अशी की, हिंदीत 'ऊदबिलाव' म्हणजे पाण्यातला प्राणी, आपले पाणमांजर! म्हणजे नागपूर ओलांडून पुढे गेले की आमच्या माळ्यावरचा ऊद नदीत जाऊन पडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला मी परसातल्या गडग्यावर नेऊन त्याची विष्ठा दाखवली. प्राध्यापकाच्या हुद्द्याला हे शोभत नाही, पण पुरावा तोच होता. तिच्यात दुसरे काही नव्हते. जांभळाच्या बिया आणि भेरली माडाच्या बिया, धुऊन ठेवल्यासारख्या स्वच्छ. उदमांजर उंदीर, किडे, एखादे पाखरू खाते, पण मुख्यतः ते फळांवर जगते, आणि बिया न चावता गिळून लांबवर टाकते. कोकणात कोणी न लावलेला भेरली माड जिथे तिथे उगवलेला दिसतो, त्यात या रात्रीच्या माळ्याचा मोठा वाटा आहे. माडाला लावलेल्या मडक्यातली माडीही तो पितो, म्हणून साहेबाने त्याचे नावच 'ताडी पिणारे मांजर' ठेवले. आईने बिया पाहिल्या, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "मढं न्हाई, जांभळं खातंय व्हय!" त्या मुक्कामात तिने त्याचे नाव पुन्हा काढले नाही. फणसाचे दोन गरे मात्र ती गडग्यावर ठेवीत असे, हे मला सौ.ने नंतर सांगितले.

माझे खरे शिक्षण झाले ते शेजारच्या आजोबांकडे. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी गावाबरोबर शिकारीला जात. १९७२ साली वन्यजीवांच्या संरक्षणाचा कायदा आला, पुढे तो गावापर्यंत पोचला, आणि बंदूक गेली. डोळे मात्र राहिले. मी पुस्तक घेऊन त्यांच्या पडवीत बसे. ते पुस्तकातले चित्र हाताने झाकीत आणि शेपूट तेवढे उघडे ठेवीत.

"तोंडाकडं काय बघता, सर? रात्री समद्यांची तोंडं सारखीच. जनावर पळतं तवा आपल्याला काय दिसतं? शेपूट. मग शेपटावरनं वळखायला शिका."

त्या एका वाक्याने मला जे दिले ते पुस्तकाच्या शंभर पानांनी दिले नव्हते. आजही मी रानात तीच पद्धत वापरतो. शेपूट काळपट, एकरंगी, त्यावर कडी नाहीत आणि जनावर झाडावर चढले, तर उदमांजर. शेपटावर काळी-पांढरी कडी बांगड्या भरल्यासारखी एकामागे एक, अंगावर ठिपक्यांच्या लांब ओळी, पाय आखूड, आणि जनावर जमिनीवरूनच खाली मान घालून चालले आहे, तर जवादी. याच जवादीच्या ग्रंथीतला सुगंधी स्राव शतकानुशतके अत्तरांत घालत आले. तिरुपतीला व्यंकटेशाच्या सेवेतही त्याला मान आहे. कांडेचोर हे नाव मात्र कोणाचे, यावर कोकणात दोन गावांचे एकमत नाही. एक गाव उदाला कांडेचोर म्हणते, दुसरे जवादीला. आजोबांचे म्हणणे, "चोरी कोन करतो त्यावर नाव."

मुंगसांचेही तसेच. आमच्या वाटूरला मुंगूस एकच. आडवे गेले की काम होते. इकडे पाहावे तो तीन-तीन. शेपटाचे टोक फिकट आणि अंग करडे, ते आपले नेहमीचे. शेपटाचे टोक काळे आणि चालताना ते वर वळवलेले, ते तांबूस मुंगूस. ते दाट झाडी सोडून सहसा येत नाही. आणि खाली सिंधुदुर्ग-गोव्याकडच्या जंगलात मानेवर कानापासून खांद्यापर्यंत काळा पट्टा ओढलेले तिसरे. आशियातल्या मुंगसांत अंगाने सगळ्यांत मोठे तेच. यांतले कोणते आडवे गेले म्हणजे काम होते, हे शास्त्रात दिलेले नाही.

पिसोरीची गोष्ट आणखी वेगळी. इंग्रजीत तिला उंदीर-हरीण म्हणतात, आणि ती उंदीरही नाही, हरीणही नाही. उंची जेमतेम वीतभर-दीडवीत, वजन तीन किलोच्या आसपास, अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे, आणि काडीसारखे पाय. शिंगे नराला नाहीत, मादीला नाहीत. नराला त्याऐवजी सुळे असतात. आजोबांनी ती आयुष्यात कितीदा तरी पाहिली. मी एकदाच, तीही पाठमोरी. तिच्याविषयी जास्त लिहिण्याचा मला अधिकार नाही. आणि घरोघरची चिचुंद्री? तीही उंदीर नव्हे. तिचे दात कुरतडायचे नाहीत, किडे पकडायचे आहेत. झुरळांचा फडशा पाडून ती आपल्यावर उपकारच करते. लांब सोंडेसारखे तोंड आणि तो वास, एवढ्यावर कोणीही शहरातला माणूससुद्धा तिला ओळखू शकतो. तरी उंदराचे औषध आधी तीच खाते.

हसण्यासारखे इथपर्यंतच. कारण यापुढचे जनावर आहे खवलेमांजर, आणि त्याच्या बाबतीत ओळख हा जिवाचा प्रश्न आहे. त्याला दात नाहीत. लांब चिकट जिभेने ते मुंग्या आणि वाळवी टिपते. भ्यायले की चेंडूसारखे गुंडाळून बसते. बिबट्यासमोर ही युक्ती चालते, पण गोणपाट घेऊन आलेल्या माणसासमोर ती त्याचे काम सोपे करते. ज्या खवल्यांसाठी त्याला पकडतात, ते आपल्या नखांच्याच द्रव्याचे असतात. म्हणजे औषध म्हणून ते उगाळून घेणारा माणूस न्हाव्याच्या दुकानाबाहेर पडलेली नखे गोळा करून उगाळील तर गुण तितकाच येईल. २०१६ साली जोहान्सबर्गच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याच्या आठही जातींच्या व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. आपल्या कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. पण कायद्याचा हात डोंगरातल्या बिळापर्यंत पोचायला वेळ लागतो. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्गमित्र' संस्थेने वेगळा रस्ता धरला. २०२० साली तालुक्यातल्या डुगवे गावात खवलोत्सव झाला. खवलेमांजराची प्रतिकृती पालखीत बसली आणि गावाने शिमग्यातल्या देवासारखी ती नाचवली. कोकणी माणसाच्या अंगणात पालखी आली, की ती ज्याची असेल त्याच्यावर हात उगारणे त्याला जड जाते. ज्याला ही कल्पना सुचली त्याला कोकण कळले आहे, असे मी म्हणेन.

बाय द वे म्हणतात तसे एक सांगायचे राहिले. आधुनिक शास्त्राने रक्ताची नाती तपासली तेव्हा असे निघाले की, खवलेमांजराचे आजच्या जगातले सर्वांत जवळचे भाऊबंद म्हणजे मांजर-कुत्र्यांचा मांसभक्षक वर्गच. त्याच्यासारखाच दात नसलेला अमेरिकेतला मुंगीखाऊ त्याचा कोणी लागत नाही. म्हणजे आमच्या पूर्वजांनी त्याला मांजर म्हटले, ते अगदीच टाकाऊ नव्हते!

ही नावे जमवण्याचे काम आपल्याआधी साहेबाने केले, हे कबूल केले पाहिजे. जर्डन नावाच्या लष्करी डॉक्टरने १८६७ साली हिंदुस्थानातल्या सस्तन प्राण्यांवर ग्रंथ काढला. त्यात प्राण्याखाली त्याची देशी नावेही दिली आहेत. मराठी वाघाटी त्यात आहे. १८८३ साली निघालेल्या मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११पासून देशभर सस्तन प्राण्यांची पाहणी केली, आणि १९४८ साली तिनेच काढलेल्या प्रेटरच्या पुस्तकावर तर पिढ्या पोसल्या. आपल्याकडे मारुती चितमपल्लींनी पाखरांची आणि झाडांची नावे आदिवासींच्या तोंडून आयुष्यभर वेचली. पण या लहान, रात्रीच्या जनावरांच्या वाट्याला असा कोणी फारसा आला नाही. परिणाम असा की, वाघाटी हे एक नाव आजही दोन मांजरांना आहे. एक ठसठशीत काळ्या ठिपक्यांचे, शेपटावरही ठिपके असलेले. दुसरे त्याहून बारीक, गंजल्या रंगाच्या ठिपक्यांचे, वजनाने किलो-दीड किलो, जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. भारत, श्रीलंका आणि नेपाळ सोडून ते कुठेच नाही. वर्तमानपत्रात 'वाघाटीचे पिल्लू सापडले' असे वाचले की यातले कोणते, ते कळायला मार्ग नसतो. भाजी तरी नाही, एवढेच कळते.

आणि कधीकधी तेवढेही कळत नाही. मागच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. आमच्या वाडीत एका घरच्या खुराड्यात पहाटे एक ठिपक्यांचे जनावर अडकले. कोणी तरी मोबाइलवर फोटो काढला, खाली लिहिले 'बिबट्याचे पिल्लू', आणि तासाभरात तो फोटो तालुकाभर फिरून आमच्याच वाडीत परत आला. मी पोचलो तेव्हा चाळीसएक माणसे जमलेली. बायका मुलांना घरात ओढीत होत्या. पिल्लू आहे म्हणजे आई जवळच असणार, ती रात्री येणार, तेव्हा आधीच काय तो निकाल लावा, असे दोघा-तिघा तरुणांचे मत. त्यांच्या हातात दांडे होते. त्यांना भित्रे म्हणू नये. गेल्या काही वर्षांत वाड्यांच्या आसपास बिबट्या दिसतो, कुत्री नेतो. त्यांची भीती खोटी नव्हती, फक्त चुकीच्या खुराड्यापाशी उभी होती.

मी काही बोलण्याआधी आजोबा काठी टेकीत आले. माणसे बाजूला झाली. त्यांनी आत वाकूनही पाहिले नाही. फळीच्या फटीतून शेपूट बाहेर आले होते, त्याच्याकडे काठी केली.

"मोज रे कडी."

दांडा घेतलेल्या पोराने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... सातापर्यंत गेला.

"बिबट्या बांगड्या भरतो काय कदी? कस्तुरी हाय ती. कोंबडी खाल्लीन, तिचा दाम मी देतो. जाऊ दे तिला."

कोणी तरी हसले. हसले म्हणजे दांडे खाली आले, असे मी अनुभवाने सांगतो. मग मी माझी भर घातली: तोंड लांब आणि टोकदार आहे, बिबट्याच्या पिल्लाचे गोल असते, ठिपके ओळीत आहेत, बिबट्याचे फुलांसारखे विखुरलेले असतात, आणि पाय बघा केवढे आखूड, हे पिल्लू नव्हेच, पूर्ण वाढलेले जनावर आहे. तोवर वनखात्याची माणसे आली. खुराड्याचे दार उघडून सगळे लांब झाले. जवादी बाहेर आली, क्षणभर उजेडाकडे पाहिले आणि आगरातून वहाळाकडे निघून गेली. मागे वास तेवढा राहिला. त्या पोराने वर्गात मला नंतर विचारले, "सर, आजोबा गेल्यावर हे कोण सांगणार?" तो आता आठवड्यातून दोनदा त्यांच्या पडवीत बसतो. वहीत शेपटे काढतो. चित्रे वाईट आहेत, पण कडी बरोबर असतात.

त्यानंतर दोन महिन्यांनी वाटूरहून पुतण्याचा फोन आला. आमच्याकडे आता पाणी आले तसा ऊसही आला आहे. फडात तोड चालू होती आणि टोळीला पाचटात तीन पिल्ले सापडली होती.

"काका, बिबट्याचे हायत म्हनायलेत. टोळी फडात जायना. मुकादम म्हनतो, पोत्यात घालून नदीकडं सोडून येतो."

फोटो पाठव म्हटले. तीन गोळे, एकमेकांवर चढलेले. कान उंच, टोकाला काळ्या केसांची बारीक शेंडी. अंगावर फुले नाहीत, पुसट पट्टे. मोठेपणी तेही जातात. शेपूट तोकडे, टोकाकडे दोन-तीन कडी. मी पुतण्याला सांगितले, "हात लावू नका, दूध पाजू नका. जिथे सापडली तिथेच ठेवा आणि तेवढ्या चार सऱ्या आज तोडू नका. रात्री त्यांची आई येऊन नेईल. मुकादमाला म्हणावे, बिबट्या नव्हे. उंदीर खाणारे जनावर आहे, तुझ्याच शेतकऱ्याच्या उपयोगाचे."

मुकादमाने ऐकले. त्याला चार सऱ्यांपेक्षा टोळी फडात परत जाणे महत्त्वाचे होते. रात्री मला झोप लागली नाही, हे मात्र खरे. फोनवर बसून शेपूट ओळखणे निराळे, आणि काळोखात ती आई येते की नाही, हे निराळे.

सकाळी सहाला फोन वाजला. पिल्ले नव्हती. पाटाच्या कडेला ओल्या मातीत येता-जाता पावले उमटली होती, चार बोटांची, नखांची खूण नसलेली. पुतण्याने फोन आईकडे दिला. तिने सगळे ऐकून घेतले होते.

"मग काय निघालं रे शेवटी ते?"

"रानमांजर, आई."

"म्हंजी मांजरच?"

"हो. या खेपेला मांजरच."